आधी ‘का’ ते सांग

दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. मॅडम नोट्स देता का, टेस्ट सिरीज किती, रोज किती तास घेता, पोर्शन कधी संपतो. मी सगळ्यांना एकच सांगते, नोट्स नाहीत, बोर्डाचं पुस्तक आहे, भाग एक आणि भाग दोन, टेबलाभोवती एका वेळी सात-आठ मुलं बसतात आणि प्रत्येकाने बोलायचं असतं, बस एवढंच. काही पालक लगेच थँक्यू म्हणून ठेवतात आणि कॉलेज रोडच्या मोठ्या क्लासला जातात, त्यात काही गैर नाही, तिथूनही मुलं छान पुढे जातात. पण मी जे करते ते का करते हे एकदा सविस्तर लिहायचं राहिलं होतं, म्हणून ही पोस्ट.

नाशिकच्या इंदिरानगरला घरीच शिकवते. अकरावी-बारावी सायन्सचं मॅथ्स, आणि बारावीनंतर ज्यांना हवं त्यांना अ‍ॅडमिशनसाठी मदत. मुलं सगळीकडची असतात. कोणाचे वडील सातपूर नाहीतर अंबडच्या कंपनीत शिफ्टला, कोणाची निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग, कोणी सिन्नरहून इथे येऊन रूम करून राहिलेलं. दहावीला नव्वदच्या पुढे मार्क असतात आणि अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला पन्नासपैकी अकरा. मग घरी हलकल्लोळ. मुलगा तोच, डोकं तेच, मग दोन-तीन महिन्यांत झालं काय? माझ्या मते झालेलं काहीच नसतं. दहावीपर्यंत ‘कसं करायचं’ एवढं पाठ असलं तरी चालून जातं, अकरावीपासून ते चालत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मी धडा उघडतच नाही. चार अंकी संख्या घ्यायला सांगते, चारही अंक सारखे नकोत, बाकी कुठलीही. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहणार. टेबलावरच्या सगळ्यांची संख्या वेगळी असते आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे ६१७४ ला येऊन थांबतात. मुलं एकमेकांच्या वहीत डोकावायला लागतात, कोणीतरी म्हणतं माझं चुकलं असेल, परत करून बघतं, परत तेच.

मग मी सांगते की हे शोधणारा माणूस आपल्या नाशिकचा. द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते, १९४९ मध्ये त्यांना ही संख्या सापडली आणि आज जगभर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. पदव्युत्तर शिक्षण नाही, कुठल्या विद्यापीठात नोकरी नाही, शाळेत शिकवून उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत बसायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची ओळख झाली. देवळालीला रोज बसने जाणाऱ्या मुलांनाही हे नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

पण गोष्ट सांगून थांबायचं नसतं, खरं काम पुढे आहे. आता तीन अंकी करा म्हणते. सगळे ४९५ ला येतात. आणि मग विचारते, का? इथे शांतता होते आणि मी ती मोडत नाही. दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं. कोणीतरी शेवटी म्हणतं की मॅडम मधला अंक दोन्हीकडे मधेच राहतो, तो उडतो. बरोब्बर. सगळ्यात मोठा अंक शंभराच्या जागी आणि लहान अंक एककाच्या जागी, उलटं केलं की बरोबर उलट, म्हणजे वजाबाकी करून काय उरलं? मोठ्या आणि लहान अंकातला फरक गुणिले ९९. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर उत्तर ९९ च्या पाढ्यातलंच असणार! ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१, फक्त नऊ शक्यता. त्या हाताने तपासा. ९९ (म्हणजे ०९९) वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५, आणि उरलेल्याही याच साखळीत कुठेतरी येऊन मिळतात. झालं, सिद्ध झालं. नऊशे संख्या एकेक करून बघायची गरज नाही. ज्या मुलाने आयुष्यात कधी प्रूफ लिहिलं नाही, म्हणजे पाठ न करता लिहिलं नाही, त्याने पहिल्या दिवशी एक अख्खं प्रूफ केलेलं असतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पुढची दोन वर्षं मी हेच करते, फक्त विषय बदलत जातो. मुलगा बोर्डवर किंवा वहीत गणित सोडवताना प्रत्येक पायरीला मोठ्याने बोलणार आणि मी मधेच विचारणार, हे का चाललं? सुरुवातीला मुलांना वाटतं की मॅडमने विचारलं म्हणजे चुकलं, पटकन खोडायला घेतात. तसं नाही हे समजायला महिनाभर जातो. बरोबर असलं तरी विचारते, उलट बरोबर असलं की जास्त विचारते.

एक उदाहरण देते, बारावीच्या ट्रिगोनोमेट्रीतलं. साइन टू-एक्स इज इक्वल टू साइन एक्स, शून्य ते टू पाय मध्ये सोडवा. नव्वद मार्कवाली मुलं काय करतात, डावीकडे टू साइन एक्स कॉस एक्स लिहितात, दोन्हीकडचा साइन एक्स काटतात, कॉस एक्स म्हणजे अर्धा, उत्तर पाय बाय थ्री आणि फाइव्ह पाय बाय थ्री. सुबक अक्षरात, चौकटीत. आणि शून्य, पाय, टू पाय ही तिन्ही उत्तरं गेली, कारण जे काटलं तेच शून्य असू शकतं याचा विचार झाला नाही. आता ही चूक ट्रिगोनोमेट्रीची आहे का? अजिबात नाही. ही आठवी-नववीची चूक आहे, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना भागताना आपण कशाने भागतोय हे बघायचं असतं एवढंच. मला आजपर्यंत जेवढी मुलं ‘इंटिग्रेशन जमत नाही’ म्हणून आली त्यातल्या बहुतेकांना इंटिग्रेशन नाही, अपूर्णांक आणि अवयव जमत नव्हते. मग आम्ही मागे जातो. बारावीच्या मुलाला नववीचं पुस्तक हातात दिलं की आधी त्याला लाज वाटते, आईला तर फारच राग येतो, पोर्शन राहील ना मॅडम. राहत नाही. मागचं पक्कं झालं की पुढचं भराभर होतं.

शॉर्टकटचं पण बोलायलाच हवं. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेच्या, तयारीत मुलांना एक ट्रिक शिकवतात, डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये विशिष्ट प्रकारचं गणित दिसलं की वरची लिमिट वजा खालची लिमिट भागिले दोन, उत्तर तयार. शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स आणि खाली साइन एक्स प्लस कॉस एक्स असेल तर उत्तर पाय बाय फोर, दहा सेकंदात. ट्रिक खरी आहे, मी पण शिकवते. पण वरच्या साइनचा वर्ग केला आणि खाली तसंच ठेवलं तर? अर्धी बॅच तेच उत्तर टिक करते. ट्रिक का चालते हे माहीत असेल, म्हणजे एक्सच्या जागी पाय बाय टू मायनस एक्स घालून दोन्ही बेरीज केल्यावर एक यायला हवा हे माहीत असेल, तर पाच सेकंदात कळतं की इथे बेरीज एक येत नाही, म्हणजे इथे ट्रिक चालणार नाही. माझं शॉर्टकटशी भांडण नाही, ‘का’ न विचारता घेतलेल्या शॉर्टकटशी आहे.

तसंच लॉग एक्सचं इंटिग्रेशन. बाय पार्ट्सचा फॉर्म्युला, कोणता फंक्शन आधी घ्यायचा त्याचा क्रम, हे सगळं मुलं घोकतात. मी विचारते, एक्स लॉग एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढ. लॉग एक्स प्लस वन. आपल्याला नुसता लॉग एक्स हवाय, तो वन जास्तीचा आलाय, मग एक्स वजा कर. एक्स लॉग एक्स मायनस एक्स, संपलं. बाय पार्ट्स म्हणजे प्रॉडक्ट रूल उलटा चालवणं, हे स्वतः एकदा करून बघितलं की फॉर्म्युला विसरला तरी दोन मिनिटांत परत उभा करता येतो.

आता परीक्षेचं. बरेच पालक मला विचारतात की बोर्ड, सीईटी, जेईई हे तिन्ही कसं जमणार. तिन्हीचा पाया एकच आहे, फक्त वेळेचा हिशोब वेगळा. जेईई मेनला चुकीच्या उत्तराचे मार्क कापतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पीसीएम सीईटी २०० मार्कांची, त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न एकेका मार्काचे आणि मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, ९० मिनिटांत. म्हणजे अर्धे मार्क एकट्या मॅथ्सचे! हे माहीत असूनही मुलं शेवटच्या दोन महिन्यांत केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन पाठ करत बसतात. आणि सीईटीतले साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे. अकरावीला बोर्ड नाही म्हणून ते वर्ष सगळ्यांचं वाऱ्यावर जातं, कॉलेजही फारसं विचारत नाही, आणि मग एप्रिलमध्ये सर्कल, पर्म्युटेशन नव्याने शिकायला बसतात. माझ्याकडे अकरावीचा सराव बारावीच्या दिवाळीतच सुरू होतो, त्याबद्दल मी कोणाचं ऐकत नाही.

फोनबद्दल एकच. गणिताचा फोटो काढला की अ‍ॅप सोडवून देतं, मुलं वापरतात, मी बंदी घालत नाही. सोडवून घे, मग फोन पालथा ठेव आणि मला समजावून सांग. सांगता आलं तर ते तुझं.

सीईटी झाली, पर्सेंटाईल आला की माझं दुसरं काम सुरू होतं. इथे तर ‘का’ विचारणारं कोणी नसतं. घरी काका, मामा, सोसायटीतले इंजिनीअर, सगळे सांगत असतात, कॉम्प्युटर घे, एआय घे, पुण्याला जा, नाशिकला थांबू नको. आधी एक गोष्ट नीट समजावते, ९२ पर्सेंटाईल म्हणजे ९२ टक्के मार्क नाहीत, शंभरातली साधारण ९२ मुलं तुझ्याबरोबर किंवा मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टला होते, पेपर वेगवेगळे असतात म्हणून ही पद्धत. दहावीत ९२ पडलेल्या ताईशी त्याची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

मग गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडायची. मी नाही, मुलाने. त्यात जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस असे कॉलम असतात आणि बघून पालक घाबरतात. शेवटचं अक्षर बघायचं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे तिच्या बाहेरची मुलं, एस म्हणजे स्टेट लेव्हल. आपण नाशिकवाले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतो, म्हणजे नाशिक, पुणे, नगरकडची कॉलेजं बघताना एच आणि मुंबईची बघताना ओ. मुलींसाठी जी च्या जागी एल. एवढं कळलं की पीडीएफ वाचता येते, त्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्या काउन्सिलरची गरज नाही. मला हे फार मनापासून वाटतं, कारण पैसे नसलेल्या घरातली माणसं इथेच सगळ्यात जास्त खर्च करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑप्शन फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने लिहायचा फॉर्म. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, मॅडम, ते कॉलेज वरती टाकलं आणि मिळालं नाही तर खालचं पण हातचं जाईल ना? मी म्हणते, सिद्ध करून दाखव. आणि मुलं दाखवतात. मेरिट लिस्टमधला पहिला घेतात, त्याच्या यादीतली वरून पहिली मोकळी सीट त्याला. मग दुसरा. मग तिसरा. आपला नंबर येईपर्यंत ज्या सीट गेल्या त्या गेल्या, आपण यादीत काय लिहिलंय त्याने त्यावर काहीच फरक पडत नाही. आपला नंबर आला की आपल्याच यादीत वरून खाली बघत जायचं आणि आपल्याला मिळू शकणारी पहिली सीट आपली. रिझर्वेशनच्या सीट वेगवेगळ्या मोजल्या तरी तर्क तोच राहतो. म्हणजे वर अवघड कॉलेज टाकून एका राउंडमध्ये काहीही नुकसान होत नाही, नुकसान होतं ते खरोखर हवं असलेलं खाली टाकल्याने. मनातला क्रम तोच फॉर्मचा क्रम. फक्त एक, पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तोच पक्का, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून नको असलेलं कधीही पहिलं टाकायचं नाही. पुढच्या राउंडचे नियम बदलत असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायची, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड नाही.

गेल्या काही वर्षांत मी एक पद्धत ठेवलीय, यादीतल्या प्रत्येक ऑप्शनसमोर एक ओळ लिहायची, हे इथे का. ‘प्लेसमेंट चांगलं’ चालत नाही, कोणत्या ब्रँचचं, कुठे वाचलं? ‘मित्र जातोय’ चालतं, खरं असेल तर, निदान माहीत तरी असतं. एका मुलीने मेकॅनिकल पहिलं टाकलं होतं, वडील हादरले. तिने लिहिलं होतं की मला मशीन उघडून बघायला आवडतं, बाबांच्या वर्कशॉपमध्ये मी लहानपणापासून हेच करत आलेय. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग काहीच बोलले नाहीत, फॉर्म तसाच गेला.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण वेळेवर कोणी करत नाही. जात वैधता लागणार असेल तर अकरावीतच अर्ज करा, सुरगाणा-पेठकडच्या मुलांना तर मी पहिल्या आठवड्यातच विचारते. नॉन क्रिमीलेअर त्या वर्षाला चालणारं हवं. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, निकाल लागल्यावर सेतूत रांग लावू नका. आणि उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या सीट जरूर बघा, मंजूर जागांच्या वर ५ टक्के असतात, ट्यूशन फी माफ, जात कुठलीही असो. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो म्हणून मुलं टाकायलाच विसरतात.

सगळ्यांनी इंजिनीअरिंगलाच जायचं असंही नाही. दर बॅचला एखादं मूल असतं ज्याला खरंच गणितच करायचं असतं, आणि घरी हे सांगायची त्याची हिंमत नसते. त्याच्या आईबाबांना मी घरी बोलावते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं बी.स्टॅट आणि बी.मॅथ, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याचं आयसर, हे रस्ते आहेत हेच माहीत नसतं. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेला ऑप्शनवाल्या पेपरशिवाय लिहून सोडवायचा पेपर असतो, तिथे उत्तर नाही तर युक्तिवाद बघतात. सीईटीच्या वेगात वाढलेल्या मुलाला तिथे खूप जड जातं, आणि जे मूल दोन वर्षं ‘का’ ला उत्तर देत बसलंय त्याला घरच्यासारखं वाटतं.

परदेशी जाणारं पण एखादं असतं. इंग्लंडच्या विद्यापीठांचा अर्ज यूकास नावाच्या एकाच पोर्टलवरून होतो, ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे बारावी चालू असतानाच. २०२६ च्या प्रवेशापासून त्यातलं पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागलंय, सगळं मिळून ४००० कॅरेक्टर. एका विद्यार्थिनीचा पहिला ड्राफ्ट एजंटने लिहून दिला होता, त्यात लहानपणापासून गणिताची आवड, जग बदलायचं, वगैरे. मी म्हटलं, हे कोणाचंही असू शकतं बाळा, तू कुठल्या गणिताला सगळ्यात जास्त वेळ दिलास ते सांग. तिने चार अंकी कापरेकर घेतलं होतं, तीन अंकीसारखी पळवाट तिथे मिळत नाही म्हणून कितीतरी दिवस अडकून बसली होती, वजाबाकी ९९९ आणि ९० च्या पटींत लिहून शक्यता कमी करत आणल्या होत्या. तेच लिही म्हटलं. कुठे अडकलीस, काय करून बघितलंस, काय चाललं नाही. तो ड्राफ्ट वाचताना मला ती समोर बसून बोलतेय असं वाटत होतं.

पालक म्हणतात, मॅडम फॉर्म तुम्हीच भरून द्या ना, चूक नको व्हायला. मी शेजारी बसते, भरत नाही. माउस मुलाच्या हातात. अडलं तर विचारायचं, आणि मी उलटा प्रश्न विचारणार हे आता त्यांना पाठ झालेलं असतं.

नवी बॅच लवकरच सुरू होतेय. येताना नववी-दहावीची गणिताची दोन्ही पुस्तकं घेऊन या, रद्दीत दिली असतील तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात. पहिले पंधरा दिवस तीच लागतात.